केपहून परत धाडलेला माझा युसूफ

आमचं घर दिघीच्या खाडीच्या अंगाला, बाप मचव्यावर तांडेल होता, आई श्रीवर्धनच्या वाडीत सुपाऱ्या सोलायची, मीही तेच केलं, अजून तेच करते, ही बोटं बघा कशी काळी झालीत, आता साबणानं जात न्हाय. लग्न लागलं केपवाल्याशी. केप म्हणजे आफ्रिकेच्या टोकाला केपटाऊन. आमच्या पट्ट्यातले मुसलमान बाप्ये पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जातात, दुकान घालतात, चार-पाच वर्षांनी कधीतरी येतात, बायकोच्या पोटात पोर ठेवून परत बोटीवर चढतात. त्याचं नाव मी घेत न्हाय. लोकांना वाटतं नवऱ्याची अदब राखते. अदब कसली, मला घ्यायचं न्हाय म्हणून घेत न्हाय.

आपल्याकडून गोरा गेला त्या साली युसूफ कडेवर होता, शाळेत पेढे वाटले, त्यानं तोंड भरून खाल्लान. आणि तिकडे काय झालं, तर तिकडच्या गोऱ्यांनी त्याच सुमाराला आणखी कडक राज्य आणलं. काळ्याची वस्ती वेगळी, आमच्यासारख्याची वेगळी, बसायचं बाकडं वेगळं, शाळा वेगळी, काळ्या माणसानं आपल्याच मुलुखात खिशात परवाना ठेवून फिरायचं. मंग कायदा काढलानी की हिंदुस्थानातून कोणाची बायको यायची न्हाय. मी काय रोग होते का हो? पोरांनाही मुदत घातलानी, त्याच्या आत आलं तर आलं.

तेव्हा युसूफचा बाप धावत आला पोराला न्यायला. मी म्हटलं, ठेव त्याला इथं, माझं एकच हाय. तो म्हणाला, इथं राहून काय करंल, सुपाऱ्या सोलंल? तिकडं शिकंल, माणूस होईल. मी दारात आडवी झाले, सासूनं मला बाजूला ओढलीन. पोर मागं बघत बघत गेलं, दहा-अकरा वर्षांचं.

पुढचं मी बघितलं न्हाय, युसूफनं थोडं थोडं करून सांगितलान ते सांगते. शाळेत हुशार निघाला. मास्तर चांगले होते, बेडर, धडा संपला की दार लोटून विचारायचे, तुम्ही कमी कशानं रे? मंग एका साली गोऱ्यांनी विलायतेच्या राणीला सोडून आपलं राज्य नव्यानं जाहीर केलानी, आनंद करा म्हणून शाळाशाळांत झेंडे वाटलानी, मिठाई वाटलानी. युसूफच्या शाळेतली मोठी पोरं म्हणाली, ज्या राज्यात आम्हाला जागा न्हाय त्याची मिठाई आम्ही खात न्हाय. झेंडे मेजावर ठेवलानी आणि फाटकापाशी जाऊन गप उभी राहिली. दगड न्हाय, शिवी न्हाय, नुसती उभी. पोरीही होत्या त्यांच्यात.

पोलीस कुत्रे घेऊन आले. साहेब म्हणाला, पाच मिनिटांत वर्गात जा. एक पोरगी म्हणाली, न्हाय जात. तिच्या डोक्यात सोटा बसला. युसूफ तिला उचलायला वाकला आणि मंग त्याच्यावर किती पडले ते त्याला सांगता येत न्हाय. तिथनं गाडीत टाकलानी, कोठडीत नेलानी. तुम्हाला भडकावलं कोणी, मास्तराचं नाव सांग, एवढंच विचारीत. न्हाय सांगितलान. कानावर मारलानी, डोळ्यावर मारलानी. डावा डोळा गेला, डावा कान गेला. काय सांगू तुम्हाला, मी त्या डोळ्यात काजळ घातलं होतं.

आणि बाप? बापाला बोलावून साहेबानं सांगितलान, पोराला कायमचा हिंदुस्थानात धाडतो असं लिहून दे, न्हायतर खटला भरतो, तुझ्या दुकानाचंही बघतो. बापानं सही केलान. पोराला विचारलान सुद्धा न्हाय.

मुंबईच्या धक्क्यावर मी भावाला घेऊन गेले. एक उंच पोरगा समोर येऊन थांबला, मी त्याला म्हटलं, भाऊ, जरा सरक, माझा मुलगा उतरायचा हाय. तो म्हणाला, अम्मा, मीच. असं कोणावर यावं का?

गावात लोक काय म्हणायचे, भांडण काळ्या-गोऱ्यांचं, तुझ्या पोराला काय नडलं होतं? मी म्हणायची, तुमच्या पोराला नडलं न्हाय याची लाज वाटू द्या. जमातीतला एक म्हातारा घरी आला, त्याचे तिन्ही मुलगे केपला. म्हणाला, युसूफला समजाव, चारचौघांत बोलू नको म्हणावं, तिकडं कानावर गेलं तर आमच्या पोरांना बाहेर काढतील. चहा ठेवला होता, तो मी चुलीवरून उतरवला आणि त्याला दिला न्हाय.

मंग श्रीवर्धनला एक लग्न होतं. सुटीवर आलेला एक केपवाला, सुटाबुटातला, जेवताना बाप्यांत मोठमोठ्यानं सांगत होता, आम्ही बायका पडद्यामागं ऐकतोय, की गोऱ्याच्या राज्यात शिस्त हाय, गुमान राहिलं की कोणी हात लावत न्हाय, मार खातात ती वाया गेलेली पोरं. युसूफ उठला. त्याच्याकडं उजवा कान करून म्हणाला, चाचा, मला ह्याच कानानं ऐकू येतं, परत सांगा. तो म्हणाला, बस रे, जेव. युसूफ म्हणाला, माझ्याबरोबर फाटकात उभी होती त्या पोरीला पुन्हा बोलता आलं न्हाय, ती वाया गेलेली होती का सांगा. जमातीतला तोच म्हातारा तिथं होता, म्हणाला, याला बाहेर न्या. तेव्हा मी पडदा सारला, सगळ्या बाप्यांसमोर आले, म्हटलं, हात लावून बघा. कोणी लावला न्हाय. आम्ही दोघं उपाशी घरी आलो. त्या दिवसापासून आम्हाला आवतण न्हाय. बरंच झालं.

आता युसूफ सुपारीच्या वखारीत कामाला जातो, संध्याकाळी ओटीवर पोरांना इंग्रजी शिकवतो. ज्यांचे बाप आम्हाला टाळतात त्यांचीच पोरं येतात. लग्न करीन म्हणत न्हाय, मी भरीस पाडत न्हाय.

आणि आता निरोप आलाय, पोराचा बाप येतोय, कायमचा. तब्येत गेली, दुकान पुतण्याला दिलान, मातीत आपल्या गावच्या जायचंय म्हणे. आधी पोराला सही करून इकडं टाकलान, आता स्वतः येतोय. भाऊ म्हणाला, घरात घेऊ नको. युसूफ म्हणाला, येऊ दे अम्मा, घाबरला होता तो. मी म्हटलं, येऊ दे. भात घालीन, बिछाना घालीन, आजारात उठवीन-बसवीन, त्यात कसूर करणार न्हाय. पण त्यानं जेवायला रोज युसूफच्या डाव्या अंगाला बसायचं, तो गेलेला डोळा समोर दिसंल असं. पाच वेळा नमाज पढते मी, आणि पोराच्या बापासाठी दुआ मागते, खोटं न्हाय सांगत. या अल्ला, त्याला लई वर्षं जगव, आणि त्याची नजर शेवटपर्यंत चांगली ठेव.