विरजणाची फ्लॉपी

प्राचार्यांशी माझा सगळ्यात मोठा वाद कशावरून झाला, माहितीये? विरजणावरून!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरजवळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. संगणक माझा मीच शिकले, मास्तर कुणी नव्हता. पुस्तकांच्या नोंदींसाठी एक सॉफ्टवेअर मिळालं होतं, फुकट. त्याची आतली मांडणीही उघडी. कुणीही वापरा, दुरुस्त करा, वाटा, अशी रीतच होती त्याची. मी ते आमच्या नोंदींसकट फ्लॉप्यांवर घेतलं आणि पारनेरचे ग्रंथपाल शिंदे यांना देऊन टाकलं.

प्राचार्य कडाडले, "बाई, कॉलेजची मालमत्ता वाटता? नोकरी जाईल!"

"सर, शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही कमी होतं का?"

"हे स्वयंपाकघर नाही!"

त्याच वर्षी पावसाळ्यात, विद्यापीठाची समिती यायच्या आदल्या दिवशी आमचा संगणक बसला. आतलं सगळं गेलं. माझ्या फ्लॉप्यांनाही बुरशी लागलेली. समितीला दाखवायचं काय? प्राचार्यांना घाम फुटला. मी सरळ पारनेरला फोन लावला. शिंदे दुपारच्या एसटीनं हजर.

"घ्या आक्का, तुमचंच हाय. मी जरा सुधारलंय. आता लेखकाचं नुसतं आडनाव टाकलं तरी पुस्तक घावतंय."

संध्याकाळपर्यंत सगळं परत संगणकावर चढवलं. दुसऱ्या दिवशी समिती खूश होऊन गेली. मग प्राचार्य हळूच माझ्या टेबलाशी आले.

"बाई, माझे मेहुणे श्रीगोंद्याला ग्रंथपाल आहेत. त्यांना देता येईल का हे?"

"देईन की," मी म्हटलं. "वाटी घेऊन पाठवा."