सातवी पेटी

सुतार : अगं, खोटं कशाला सांगू? आत आडवा झालो तर गुडघे दुमडावे लागतात. ये, तूच बघ.

बायको : मला नका दाखवू. स्वतःच्या शवपेटीत दुपारची डुलकी काढणारा नवरा बघायला नाही आले मी. जेवायला बोलवायला आलेय.

सुतार : डुलकी नाही, माप घेतोय. सहा फुटांच्या फळ्या कापल्या होत्या. माझी उंची पाच-नऊ. सोमवारी ऐसपैस मावलो. आज पट्टी लावली तर आतून पाच फूट चार.

बायको : पट्टी बदला.

सुतार : तीन बदलल्या. शेवटी दोरीनं मोजली.

बायको : लाकूड ओलं असेल, आखडलं असेल.

सुतार : लाकूड रुंदीत आखडतं, लांबीत नाही. चाळीस वर्षं रंधा मारतोय, मला नको शिकवूस. आणि सांधा एकही हललेला नाही. जशीच्या तशी, फक्त लहान.

बायको : मग राहू द्या की तशीच.

सुतार : तशीच कशी? उद्या दारात कुणी आलं तर? गरिबाच्या मयताला फुकट पेटी द्यायची ती स्वतःसाठी केलेली, उरल्यासुरल्या फळ्यांची नाही. माझा नेम माहीत आहे तुला.

बायको : सहा दिल्यात आजवर.

सुतार : प्रभूची कृपा.

बायको : कृपा म्हणू नका हो. तो गोदामाचा पहारेकरी, तो ट्रकवाला, शाळेतला शिपाई, सगळे तुमच्याच उंचीचे. एकाचंही माप घ्यावं लागलं नाही. कधी विचित्र नाही वाटलं?

सुतार : वाटलं. पेटी पुरी झाली की आठ दिवसांत कुणीतरी यायचंच. फादरांना विचारलं मी. ते म्हणाले, योगायोग.

बायको : फादरांना काय माहीत, मी क्रुसासमोर काय मागते ते.

सुतार : काय मागतेस?

बायको : तुम्ही शेवटचा स्क्रू पिळला की मी चर्चमध्ये जाऊन बसायचे. म्हणायचे, प्रभू, ह्यांना नको नेऊस. दुसरं कुणीही ने.

सुतार : कुणीही?

बायको : हो. तोंडानं म्हणायचे मी तसं. सहा वेळा म्हणाले. सहाही वेळा ऐकलं त्यानं.

सुतार : वेडी आहेस. देव काय असे सौदे करतो?

बायको : मीही मनाची तशीच समजूत घालत होते. पण गेल्या वेळची ती बेकरीवाल्याची बायको आठवते? कडेवर पोर होतं. पेटी नेताना तिनं माझे हात धरले. म्हणाली, तुमचे मालक शंभर वर्षं जगोत. त्या दिवसापासून घास उतरत नाही घशाखाली. लोक तुम्हाला दानशूर म्हणतात. तुम्ही लाकूड देत होतात हो. माणसं मी देत होते, आणि तीही दुसऱ्यांची.

सुतार : ह्या वेळी काय मागितलंस?

बायको : पाच फूट चार म्हणालात ना?

सुतार : सकाळी. आता... थांब. पाच-तीन भरतेय.

बायको : मी पाच-एक आहे. थोडी सैल असलेली बरी.

सुतार : फोडून टाकतो ही पेटी. पटाशी कुठाय माझी?

बायको : फोडा. पेटी नाही म्हणून कुणी मरायचं थांबलंय?

सुतार : मग मीही मागतो. आत्ता जातो चर्चमध्ये. तिला नको, मला ने.

बायको : की मी पुन्हा तुमच्यासाठी मागणार. आपण दोघं एकमेकांसाठी भांडत बसू आणि रडारड तिसऱ्याच घरात. पुरे झालं. एकदा तरी आपलं आपण देऊ.

सुतार : भीती नाही वाटत?

बायको : वाटते ना. खूप वाटते. काल जिना चढताना छातीत कळ आली. तिथंच पायरीवर बसून रडले. मग वर येऊन भाजी निवडली.

सुतार : मला सांगायचंस तरी.

बायको : तुम्ही पॉलिश लावत होतात. मन लावून लावत होतात. मला बघत राहावंसं वाटलं.

(सुतार बराच वेळ पेटीच्या कडेवरून हात फिरवत राहतो.)

सुतार : मला साधा चहासुद्धा जमत नाही गं.

बायको : जमेल. पाणी आधी मोजून घ्यायचं. लाकूड मोजता, पाणी नाही मोजता येणार?

सुतार : आत मऊ अस्तर लावतो. उशी कुठल्या बाजूला उंच करू?

बायको : डाव्या कुशीवर झोपते मी. तुमच्याकडे तोंड करून.