टेकडीकडे रेंज नसते

ती: आज टेकडीकडे नको. सडकेने जाऊ.

तो: सडकेने? तिकडे काय बघायचंय, दोन्ही अंगांना नुसती कुंपणं. टेकडीची वाट तर तुझी आवडती.

ती: होती. काल दुपारपर्यंत.

तो: काल दुपारी काय झालं? गुडघा धरलाय का परत? मग टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंतच जाऊ. सातशे मीटर, आणि परत. साडेअकराला घरात पाहिजे, सूनबाई बाराला कामाला निघते.

ती: गुडघा ठणठणीत आहे. तुम्ही चला.

तो: तू रात्रीपासून गप्प आहेस म्हणून विचारतोय. सकाळी चहासुद्धा अर्धा टाकलास. मुलाने काही म्हटलं?

ती: तो काय म्हणणार. सातला बाहेर पडला, माझ्या तोंडाकडे न बघता. काल मी बाळाचं लसीचं कार्ड शोधत होते. पुढच्या आठवड्यात डोस आहे. त्याच्या टेबलाचा खालचा खण उघडला.

तो: कार्ड फ्रिजवर लावलेलं असतं ना?

ती: नव्हतं. खणात होतं. आणि कार्डाखाली माझा फोन होता.

तो: अच्छा. म्हणजे, दुरुस्त होऊन आला असेल.

ती: आला असेल?

तो: दुकानातून आणला असेल आणि द्यायला विसरला असेल. त्याच्या डोक्याला काय कमी व्याप आहेत.

ती: मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढलीत तुम्ही. हद्दीचा दगड कुणी सरकवला, ते लांबून ओळखायचात. स्वतः सरकवला की मात्र मान खाली जाते तुमची.

तो: चिखल आहे, म्हणून खाली बघतोय.

ती: फोन बिघडलेला नव्हताच. बंद करून ठेवलेला होता. चार्जिंगला लावला, तर सुरू झाल्यावर वाजतच राहिला. माझ्या भाचीचे बेचाळीस निरोप. शेवटचा पाठ झालाय मला, सांगू?

तो: नको.

ती: "मावशी, आई गेली त्याला आज बारा दिवस झाले. काका म्हणाले, तुला सांगितलंय, पण तू बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीस. बारा दिवसांत एक शब्दही नाही? तिने तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं गं." असं लिहिलंय तिने. आज तेरावा दिवस.

तो: मी सांगणारच होतो.

ती: कधी?

तो: महिनाअखेरीला. एक तारखेपासून पाळणाघरात बाळाला जागा मिळतेय. ते मार्गी लागलं की तुला बसवून नीट सांगायचं, असं आमचं ठरलं होतं.

ती: आमचं म्हणजे कुणाचं?

तो: माझं आणि मुलाचं. हे बघ, शांतपणे ऐक. ताईंना दवाखान्यात नेलं, त्या दिवशी भाचीचा फोन माझ्यावर आला. तू बाळाला अंघोळ घालत होतीस. मी मुलाला सांगितलं, तर तो डोकं धरून बसला. सूनबाईची नोकरी नवी, सहा महिने कच्ची. रजा मागितली तर घरी बसवतील, म्हणाला. आणि आईच्या कानावर गेलं तर ती दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. "बाबा, महिन्याभराचाच तर प्रश्न आहे," म्हणाला. त्या बऱ्या होतील असंच वाटलं होतं गं तेव्हा.

ती: काय होत होतं तिला?

तो: दम लागायचा. फुप्फुसात पाणी झालंय म्हणाले.

ती: पाय सुजले होते?

तो: हो, असं भाची म्हणाली.

ती: आडवं पडता येत नव्हतं? उशा लावून बसल्या-बसल्या झोपायची?

तो: हो.

ती: मग ती बरी होईल असं तुम्हाला वाटलं कसं? पस्तीस वर्षं वॉर्डात गेली माझी. एवढ्या तीन गोष्टी मला सांगितल्या असत्यात, तर किती दिवस हातात आहेत ते मी बसल्या जागी सांगितलं असतं. घरात नर्स असताना विचारलंत कुणाला, तर दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या पोराला. काखेत कळसा म्हणतात तो हा.

तो: चुकलं माझं.

ती: इतक्यात नका म्हणू. अजून पुष्कळ आहे.

तो: जरा बसतेस का? पुढे बाक आहे.

ती: चालताना बरं आहे. माणूस गेल्याचं घरच्यांना सांगायचं काम वॉर्डात माझ्याकडेच यायचं. डॉक्टर अंग चोरायचे. उभ्याने सांगायचं नाही. आधी खुर्ची द्यायची, पाण्याचा पेला हाताशी ठेवायचा, आणि गोल गोल न फिरवता एका वाक्यात सांगायचं. शंभरांना तरी सांगितलं असेल मी. आणि मला कसं कळलं? एका हातात लसीचं कार्ड, दुसऱ्या हातात फोन, आणि खोलीत पोर रडून हैराण. मी आधी पोराला घेतलं. त्याचं दुपटं बदललं, दूध पाजलं. मग पुढचं वाचलं.

तो: मला हाक मारायचीस ना.

ती: तुम्ही बाहेर झाडांना पाणी घालत होतात. शीळ घालत.

तो: काय बोलू मी?

ती: एक विचारते, तेवढं खरं सांगा. पहिले दोन महिने आपण तळ्याभोवती फिरत होतो. टेकडीची वाट कधीपासून धरली?

तो: झाले असतील वीस-बावीस दिवस.

ती: माझा फोन बिघडला त्याच आठवड्यात.

तो: ऊन पडायला लागलं होतं. म्हटलं, जरा मोकळ्यावर जावं.

ती: टेकडीकडे रेंज नसते. तळ्यापाशी असते. आणि ताईशी बोलायची माझी वेळ हीच. इथली सकाळ म्हणजे तिकडे रात्र, जेवण आटपून ती पडलेली असायची. मी रोज म्हणायची, तुमचा फोन द्या, दोन मिनिटं बोलते. तुम्ही म्हणायचात, आता रेंज नाही, खाली उतरलो की लाव. खाली उतरेपर्यंत तिकडे निजानीज झालेली. घरी पोचलं की बाळ माझ्या हातात. ताकास तूर लागू दिली नाहीत.

तो: मुलगाच म्हणाला होता, आईला जरा लांब फिरवून आणत जा.

ती: आणि मी खूश. लग्न झाल्यापासून तुमची पाठ बघत चालले मी. बाजारात तुम्ही दहा पावलं पुढे, बारशाला, लग्नकार्याला दहा पावलं पुढे. आणि इथे, या परक्या मुलखात, एकाएकी शेजारून चालायला लागलात. दमलीस का, पाणी हवं का, ही चढण किती मीटर असेल ओळख. मी नर्सिंगला होते तेव्हा होस्टेलवर कोण कोण होतं, ते विचारलंत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, उशिरा का होईना, माणूस ताळ्यावर आलं. हेच सांगायचं होतं मला ताईला. तुमच्याबद्दल मी तिच्याजवळ आयुष्यभर रडगाणी गायली होती. एकदा तरी चांगलं सांगावं, म्हणून रोज फोन मागत होते.

तो: ते सगळंच नाटक नव्हतं. आधी वेळ काढायला म्हणून विचारत होतो, कबूल. पण तू सांगायला लागलीस आणि मलाच पुढचं ऐकावंसं वाटायला लागलं. होस्टेलच्या भिंतीवरून उडी मारलीस, ते मला कुठे माहीत होतं. सकाळी उठलो की फिरायची वेळ कधी होते असं व्हायचं मला.

ती: त्याचं आता मी काय करू?

तो: माझ्या मनात वाईट नव्हतं, एवढंच म्हणतोय. पोरांचा संसार उभा राहावा, सूनबाईची नोकरी टिकावी.

ती: तिला विचारलं होतंत?

तो: तिला कशाला त्रास. ती बिचारी आधीच धास्तावलेली.

ती: काल संध्याकाळी ती कामावरून आली, तेव्हा मी तिला सांगितलं. तुम्ही दोघं बापलेक आत टीव्हीवर बातम्या बघत होतात. मला वाटलं, तिलाही ठाऊक असणार. तिला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाली, "आई, पहिल्याच दिवशी मला सांगायचं होतं. माझ्या साहेबीणबाई स्वतः तीन पोरांच्या आई आहेत, त्यांनी हसत रजा दिली असती." मग तिने माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. दोन आठवडे मिळाले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तो: पाच मिनिटं?

ती: तेवढीही नाही. ज्या भिंतीला तुम्ही दोघं टेकू देत बसला होतात, ती पडणार नव्हतीच. जाऊन हात लावून बघायची तसदी कुणी घेतली नाही. माझी बहीण तेवढी गेली.

तो: देवा.

ती: त्याला कशाला मध्ये घेता. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. ताई अठराची. तिचं लग्न ठरलेलं होतं, ते तिने चार वर्षं लांबवलं, माझी वेणीफणी करायला घरात कुणी नाही म्हणून. माझ्या नर्सिंगच्या पहिल्या पांढऱ्या कपड्यांना तिने हाताने टाके घातले. मशीन शेजारणीकडे होतं, तिच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून. आणि तिच्या घशाला कोरड पडली, तेव्हा मी त्या टेकडीवर मेंढ्या बघत हिंडत होते.

तो: मी तुझ्याबरोबर येतो. आपण जाऊ, भाचीला भेटू. मी तिच्या पाया पडेन.

ती: परवा सकाळचं विमान आहे माझं. सूनबाईने तिकीट काढलं. एकीचंच.

तो: आणि परत कधीचं?

ती: परतीचं नाही काढलं.

तो: असं काय करतेस. बाळाची सवय आहे तुला, त्याला तुझी आहे.

ती: त्याला सांभाळायला तुम्ही आहात. दोन आठवडे त्याची आई घरात असेल, पुढे पाळणाघर. माझ्यावाचून अडत नाही कुणाचं, हे तुम्ही बघितलंतच ना, पाच मिनिटांत.

(सडक वळते. कुंपणापलीकडे टेकडीचा उतार आणि त्यावरचं लाकडी फाटक दिसू लागतं. तो थांबतो.)

ती: काय झालं?

तो: तू भाचीला भेटलीस की ती सांगेलच. त्यापेक्षा मीच सांगतो. ताईंचा एकदा फोन आला होता. माझ्या फोनवर. दवाखान्यातून.

ती: कधी?

तो: जायच्या दोन दिवस आधी. तिथल्या कुठल्याशा नर्सने लावून दिला. आवाज ओळखू येत नव्हता, एक एक शब्द सुटा यायचा. त्या वर फाटकापाशी आपण पोचलो होतो. तेवढ्या एका जागी रेंज येते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

ती: आपण?

तो: तू पुढे होतीस. दहा-बारा फुटांवर. कुंपणाला रेलून.

ती: काय म्हणाली ती?

तो: म्हणाल्या, "धाकटीला द्या." मी दबक्या आवाजात म्हटलं, ती झोपलीय.

ती: मग?

तो: म्हणाल्या, "असू दे, उठवू नका. रात्रपाळ्या करकरून जन्मभर झोप कुठे मिळाली तिला." आणि मग नुसता श्वास ऐकू येत होता. मीच ठेवला.

ती: मी विचारलं नाही, कुणाचा फोन?

तो: विचारलंस.

ती: काय सांगितलंत?

तो: राँग नंबर, म्हटलं.

ती: आणि मी काय म्हणाले?

तो: "बिचारं कुणीतरी कुणाला तरी शोधतंय," म्हणालीस. आणि हसलीस.

ती: हं.

तो: अगं, काहीतरी बोल. शिव्या दे मला. चार लोकांत दे.

ती: बाळाचं दूध दोन वाजता. उकळून कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचा. पाजल्यावर खांद्यावर घ्यायचं, ढेकर आल्याशिवाय आडवं करायचं नाही. डावीकडच्या खणात दुपटी आहेत. अंगावर पुरळ उठलं तर पावडर नको, तेल लावायचं. लसीचं कार्ड मी परत फ्रिजवर लावलंय.

तो: हे सगळं घरी सांग. आता माझ्याशी बोल ना जरा.

ती: कडेला व्हा. मागून गाडी येतेय.