पुसलेली वरची बांधी

गावकऱ्यांनो, आयाबायांनो आणि समोर बसलेल्या वहिनी,

तुम्ही सगळे आलात. विलासला जाऊन आज नववा दिवस. मला भजनात सूर धरायची सवय आहे, उभं राहून बोलायची नाही. तरी आज बोललंच पाहिजे.

आपल्या तलावाच्या पाण्याची पाळी विलासने वहीतून काढून क्लाउडवर नेली. धानाच्या प्रत्येक बांधीची, बांध घातलेल्या प्रत्येक तुकड्याची, एक नोंद. मालक कोण, पाणी कोणत्या वरच्या बांधीतून येतं. पाणी जसं बांधीतून बांधीत उतरतं, तशी त्याने नोंदीला नोंद जोडली होती. मोबाइलवर यादी उघडली की वरून खालपर्यंत पाळी दिसायची. नोंदी भरायला त्याने मला शिकवलं.

गेल्या वर्षी धान निसवायला आलं, लोंब्या बाहेर पडायची वेळ झाली, आणि यादीतून खालच्या सात बांध्या गायब झाल्या. पाळी त्यांना सोडून पुढे गेली. चार दिवस पाणी नाही. नत्थूकाकाजी, तुम्ही याच चावडीवर म्हणालात, "काय रे विलास, तुह्या ढगानं आमचंच पाणी पेलं काय?" सगळे हसले. मीही हसलो. विलास एवढंच म्हणाला, "चुकलं काकाजी. आजच दुरुस्त करतो."

तेव्हापासून तो 'ढगवाला' झाला. मोहाडीच्या बाजारातसुद्धा. वहिनी, तुम्हीही ते ऐकलंत.

चुकलं कुणाचं होतं?

माझं. दोघा भावांची वाटणी झाली, म्हणून मी त्यांची मोठी बांधी पुसली आणि दोन नव्या भरल्या. खालच्या नोंदी पुसलेल्या बांधीलाच जोडलेल्या राहिल्या. वरची बांधीच नाही, तर यादी उघडताना त्या येणार कुठून?

कुणी काय पुसलं, ते तिथे नावासकट राहतं. विलासने माझं नाव पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, आधी नवीन बांधी भरा, खालच्या तिले जोडा, मंगच जुनी काढा."

"मंग चावडीवर माह्यं नाव काहून नाही घेतलं?"

"तुमच्यावरचा भरोसा गेला तं उद्या नोंदी भरन कोण? मले काय, हासू द्या."

वर्षभर मी रोज दिवा लावताना देवाला हे सांगत आलो. देवाला सांगणं सोपं होतं. विलास जिवंत असताना तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

वहिनी, तुमचा माणूस चुकला नव्हता.

काकाजी, तुम्ही काहून उठलात? नाही, बसू नका. उभेच राहा. आपण सगळेच उठू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.