चिकटलेली पानं

मुलगी: थांबा. आत्ता काय म्हणालात तुम्ही?

बाबा: मी? कुठे काय. तू वाच पुढे, उजेड जाईल.

मुलगी: हा पाठाचा गुटका जुना झालाय, पोथीची दोन पानं चिकटली होती, ती एकदम उलटली गेली. मधलं कडवं सोडून मी पुढचीच पौडी धरली. आणि तुम्ही डोळे मिटून मधली म्हणायला लागलात.

बाबा: सवयीनं आला असेल एखादा शब्द तोंडात.

मुलगी: एखादा? अख्खी पौडी म्हणालात. नखानं पान सोडवून ताडून पाहिलं मी. अक्षर इकडचं तिकडे नाही.

बाबा: वाहेगुरूची कृपा. परत आलं म्हणायचं.

मुलगी: आजच? नेमकं त्याच पानावर?

बाबा: पाणी दे जरा.

मुलगी: तांब्या तुमच्या हाताशीच आहे. बाबा, पेशंटनं गोळी गिळली की उशीखाली सरकवली, ते मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगते. माझ्याशी नको.

बाबा: नर्स पोरगी म्हणजे घरात पोलीसच.

मुलगी: हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी तापातून उठलात तेव्हा काय सांगितलं होतंत? मोतीबिंदूनं अक्षर दिसत नाही आणि पन्नास वर्षांचा पाठ डोक्यातून पुसला गेलाय. माझा हात धरून रडला होतात.

बाबा: रडणं खोटं नव्हतं.

मुलगी: मग खोटं काय होतं?

बाबा: पंधरा दिवस खरंच काही आठवत नव्हतं. मग एका सकाळी पगडी बांधता बांधता सगळं आलं. पहिल्या ओळीपासून.

मुलगी: पंधरा दिवस. आणि मी दोन वर्षं येतेय.

बाबा: सांगणारच होतो. त्या संध्याकाळी तू ड्यूटीवरून धापा टाकत आलीस, हातपाय धुतलेस, डोक्यावर ओढणी घेऊन वाचायला बसलीस. आईसारखीच अडखळत होतीस. म्हटलं, उद्या सांगू.

मुलगी: तो उद्या काही उजाडला नाही. माझंच चुकलं. जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं दुकान बंद करून दहा वर्षं झाली, तरी कुठल्या पंख्याच्या कॉइलला किती वेढे ते तुम्ही झोपेतून उठून सांगता. नितनेमाचा पाठ तेवढा बरा विसरलात. दादा म्हणाला होता, म्हातारा बेरकी आहे. त्यावरून मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही.

बाबा: तो लांब बसून बोलतो.

मुलगी: लांब आहे म्हणून वाचला. गेल्या वर्षी नवजात बाळांच्या वॉर्डच्या कोर्सला माझं नाव आलं होतं. परगावी, आठ महिने. मी मेट्रनला सांगितलं, बाबांचा संध्याकाळचा पाठ चुकेल. ती म्हणाली, देवाच्या कामात मी कोण बोलणार. माझ्याऐवजी आमच्या वॉर्डातली ती बुटकी नर्स गेली. आता ती मला शिकवते, दीड किलोचं बाळ कसं धरायचं.

बाबा: मला बोलली नाहीस.

मुलगी: बोलले असते तर खरं सांगितलं असतंत?

बाबा: नसतं.

मुलगी: हे एक तरी खरं बोललात. यंदा पुन्हा नाव आलंय. नकाराचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलंय, उद्या सकाळी द्यायचं होतं. आता ते फाडते.

बाबा: एकट्यानं म्हटलं की पाठ लवकर संपतो गं. संपला की घर खायला उठतं.

मुलगी: मग तसं सांगायचं. घर खायला उठतं, ये. एवढंच. रोज नसते आले, पण आले असते. तुम्ही मला देवाच्या नावानं बांधून घातलंत, म्हणजे नाही म्हणायची सोयच नको.

बाबा: चुकलं.

मुलगी: आणि अरदास? पाठ झाला की दोघं उभे राहायचो. मी रोज मागायचे, बाबांचा पाठ परत येऊ दे. तुम्ही शेजारी हात जोडून ऐकत होतात.

बाबा: हो.

मुलगी: लाज नाही वाटली?

बाबा: वाटायची. मग मी मनात दुसरं मागायचो.

मुलगी: काय?

बाबा: तू उद्याही यावंस.

(ती गुटका रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात देते आणि चपला घालायला दाराशी जाते.)

बाबा: पाठ अर्धाच राहिलाय. मधेच सोडू नये. तेवढा पुरा कर आणि जा.

मुलगी: तुम्ही करा. मी दारात उभी राहून ऐकते.

बाबा: दारात कशाला? बस ना जरा.

मुलगी: बसले की माझ्यानं उठवत नाही. ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.