पिवळा पडलेला सुखी देश

मंडळी, एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या. पंगतीत शेजारच्याच्या पानात आणखी एक लाडू पडला, तर तुमच्या पानातला लाडू लहान होतो का हो? नाही म्हणताय! मग त्या वाढप्याकडे असं रोखून का बघता?

असू द्या. ऐका! नाशकात चारुशीला नावाची एक बाई. काम नकाशे करण्याचं — संगणकावर! त्या खेपेला काम आलं जगातल्या सुखाच्या नकाशाचं. देशोदेशीच्या लोकांना विचारलेलं, 'दहापैकी किती सुखी आहात?' त्या आकड्यांवरून देश रंगवायचे. सुखी तो हिरवा, कमी सुखी तो पिवळा. हसू नका! लोक सुख मोजतात — आपण वजनकाट्यावर उभं राहायला घाबरतो!

पण बाई स्वतः कुठल्या रंगात? धाकट्या बहिणीनं, मृदुलानं, गच्चीवालं मोठं घर घेतलं. वास्तुशांत अगदी उद्यावर आलेली! आणि इकडे ताईसाहेबांना आपलं हसतंखेळतं दोन खोल्यांचं घर खुराडं वाटायला लागलं. नवऱ्याला म्हणाली, "अवधूत, तूच जा. मला सुट्टी नाही म्हणून कळव तिला." खोटं! सुट्टी होती!

कामाला बसली, तर एक छोटा बेटांचा देश पिवळा! "अगं बाई, हा तर गेल्या वर्षी हिरवा होता!" आकडा बघते — तो वाढलेला! माणसं जास्त सुखी, आणि रंग पिवळा?

चूक तिचीच होती. संगणकाला सांगितलेलं, आकड्यांच्या क्रमानं देशांचे पाच सारखे वाटे कर. वरचा वाटा गर्द हिरवा, तळाचा पिवळा. आता सगळं जग आनंदानं नाचायला लागलं, तरी एक वाटा पिवळाच की हो! त्या देशाचं काही बिघडलं नव्हतं. बाकीचे पुढे गेले, एवढंच.

तिनं वाटे मोडले. प्रत्येक आकड्याला त्याचा रंग ठरवून दिला — दुसरा कितीही वर जावो! बेटं हिरवी झाली. बाई बघतच राहिली. घर तेच, माणसं तीच, मग आपल्यालाच काय झालं? फार लाज वाटली हो तिला.

सकाळी मृदुलाच्या नव्या घरी पोचली, तर गुरुजी कुरकुरताहेत, "अहो, मुहूर्त टळतोय!" ओट्यावर दुधाचं पातेलं भरलेलं, गॅस मात्र बंद. नव्या घरात आधी दूध उतू घालवायचं, ठाऊक आहे ना?

"पेटव की गं! कशाला थांबलीस?"

"आई असती तर तिनं पेटवला असता," मृदुला म्हणाली. "आता तूच ना, ताई?"

"अगं, पण मी येणार नाही म्हणून कळवलं होतं."

"कळलं होतं. तरी थांबले."

मंडळी, आत्ता तुमच्याही डोळ्यांपुढे कुणाचं तरी दार आलं. खरं ना? मान खाली घालू नका! उद्या कीर्तनाला नाही आलात तरी चालेल, देव रागावणार नाही. त्या दारात जाऊन या. तिथं कुणीतरी तुमच्यासाठी खोळंबलंय!