आमच्या पाळकसाहेबांचा स्वतःचा आवाज

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे ज्येष्ठ वडील आदरणीय भाऊसो घाटगे सर. आपले सत्कारमूर्ती रेव्हरंड इंद्रजित आवळे साहेब आणि त्यांच्या पत्नी समीक्षाताई. कालच कराडात सामान उतरवलेले आपले नवे पाळक रेव्हरंड जयराज साहेब. तरुण संघ, महिला मंडळ, आणि मागच्या बाकांवर बसून जेवणाच्या वासाकडे नाक लावलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा प्रेमाचा सलाम.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जन्मभर नर्सची नोकरी केली. नर्स ‘पाचच मिनिटं हं’ म्हणाली की किती वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

आवळे साहेब इथं आले तेव्हा त्यांच्याआधीच्या पाळकसाहेबांची आठवण अगदी ताजी होती. काय आवाज होता त्यांचा! माइक बंद पडला तरी कुणाला कळायचं नाही. आणि आपण नव्या साहेबांचं स्वागत कसं केलं? हार घातला, शाल दिली आणि वर एक पेनड्राइव्ह दिला. ‘आधीच्या साहेबांचे सगळे उपदेश आहेत यात. ऐकत चला, उपयोग होईल.’ हेतू चांगला होता हो! पण नवी सून उंबरा ओलांडते न ओलांडते तोच तिला सासूच्या हातची आमटी चाखायला द्यावी आणि ‘अशी जमेल ना?’ म्हणून विचारावं, त्यातलाच हा प्रकार.

साहेबांनी ते सगळे उपदेश ऐकले. मग हळूहळू आमच्या कानावर ओळखीचं काहीतरी पडू लागलं. तेच ‘प्रियजनहो’, तोच मध्ये थांबून घेतलेला श्वास, तोच पुलपिटच्या कठड्यावर टेकलेला हात. साहेबांचा मूळ आवाज बारीक. तो ताणून ताणून दर सोमवारी घसा बसायचा आणि समीक्षाताई ज्येष्ठमध उगाळत बसायच्या. एवढं करून दारात हात मिळवताना आपण काय म्हणायचो? ‘छान झालं हं साहेब, पण आधीच्या साहेबांनी हाच भाग घेतला होता तेव्हा...’ त्या ‘पण’च्या पुढचं सगळं तो माणूस घरी घेऊन जायचा.

ताईंनी परवानगी दिली म्हणून सांगते. साहेबांनी सेवा सोडायचं ठरवलं होतं. सांगलीत एका शाळेत नोकरी बघून ठेवली होती. ‘देवानं चुकीच्या माणसाला बोलावलं,’ असं ते ताईंना म्हणाले होते. पाळकाच्या तोंडी हे वाक्य यावं, याहून मोठं दुःख कोणतं?

त्याच दिवसांत आपले आकारामकाका मिस्त्री गेले. काकांना सगळे ओळखायचे, आणि त्यांची खोडही. घरोघरच्या साखळी प्रार्थनेत एकामागून एक जण मोठ्यानं प्रार्थना करत यायचा आणि काकांची पाळी जवळ आली की काका उठायचे. ‘कुत्रं चपला न्हेतंय, बघून येतो!’ म्हणून बाहेर. कराडातल्या कुत्र्यांवर एवढा आळ दुसऱ्या कुणी घेतला नसेल! आपण हसायचो. काही जण मात्र हळूच म्हणायचे, याचा विश्वासच कच्चा आहे. आणि हे राहीकाकूंच्या, त्यांच्या बायकोच्या, कानावर जायचं.

अंत्यविधीला साहेब उभे राहिले. तोच मोठा आवाज काढून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, पुढच्या बाकावरून राहीकाकू उठल्या.

‘आवं पाळकसाहेब, ह्यो उपदेश माज्या सासऱ्याच्या मातीला झालाय. ह्ये त्या सायबांचं हाय. तुमी मिरजंला दवाखान्यात मालकांपाशी बसत हुता न्हवं? मग तुमचं तुमी सांगा की!’

मी शेजारीच होते. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस उद्याच सांगलीची गाडी धरतो. साहेबांनी कठड्यावरचा हात खाली घेतला. मग आपल्या त्या बारीक आवाजात बोलले.

‘आकारामकाकांनी मला दवाखान्यात विचारलं, साहेब, मला चारचौघांसारखी मोठ्यानं प्रार्थना करता येत न्हाई, देवाला चालंल का? मी म्हणालो, काका, मलाही आधीच्या साहेबांसारखी येत नाही. आपण दोघं मिळून गप्प बसू या. मग रोज आम्ही हातात हात धरून गप्प बसायचो. शेवटच्या दिवशी काका म्हणाले, साहेब, त्यानं ऐकलं बरं का. मला स्वतःला अजून तेवढी खात्री नाही. पण काकांना होती.’

मंडळी, राहीकाकू तेव्हा पहिल्यांदा रडल्या. नवऱ्याचा विश्वास पक्का होता, हे त्या बाईला त्या दिवशी कळलं. कुठल्या मोठ्या आवाजानं हे सांगितलं असतं?

नंतर प्रार्थनेला साहेब त्यांच्या घरी गेले तेव्हा सेवा सोडण्याची गोष्ट त्यांनी काकूंपाशी काढली. काकू भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, ‘देवाला त्येच सायब हवं असतं, तर त्येंची बदली कशाला हुऊ दिली असती त्यानं? जेवा गप.’

साहेब जेवले. आणि राहिले. मी त्यांना एकदा विचारलं, नेमकं काय बदललं? म्हणाले, ‘बाई, मला त्यांच्यासारखं कर, असं मागणं मी सोडलं. तू मला इथं कुणासाठी आणलंस ते दाखव, एवढंच मागतो. आणि तो रोज कुणीतरी दाखवतो.’ प्रभूचे शिष्यसुद्धा आपल्यात मोठा कोण म्हणून भांडलेच होते. मग आपण कोण लागून गेलो? पण प्रभूच्या हातातलं आपलं काम एकदा दिसलं की दुसऱ्याच्या ताटात बघायला सवड राहत नाही. हे मी साहेबांकडे बघून शिकले.

आता त्यांची बदली कोयनानगरला झाली आहे. त्यांच्याबरोबर शिकलेल्या पाळकांना शहरांतली मोठी मोठी चर्चेस मिळाली, आणि यांना घाटातली मूठभर घरं! मी चिडून तसं म्हटलंही. साहेब हसले. ‘बाई, तिथं एक आजोबा अंथरुणाला खिळलेत. कित्येक महिने त्यांना कुणी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस दिलेला नाही. मी तारीख सांगून आलोय.’ चेहरा असा, की वाटावं बढतीच झाली.

निरोपाच्या भाषणात ‘आपली जागा कुणीच भरून काढू शकणार नाही’ असं म्हणायची रीत आहे. मी ते म्हणणार नाही. जयराज साहेब, ही जागा रिकामी नाही आणि तुम्हाला ती भरायचीही नाही. तुम्ही तुमचे या. आम्ही ‘पण’ म्हणालो, तर खुशाल राहीकाकूंकडे तक्रार करा. त्या इथंच राहतात.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघून बघून मान अवघडून घेतली, त्यांचे आभार. स्वयंपाक करणाऱ्या बहिणींचे आभार. माझ्या फटकळ जिभेनं कुणाला ओरखडा निघाला असेल, तर या जुन्या नर्सला क्षमा करा. इंजेक्शन कधी न दुखवता दिलंच नाही मी.

आणि आवळे साहेब, आम्हाला तुमची फार आठवण येईल. डोळ्यांत पाणी आहे, ते लपवत नाही. पण आता आम्ही तुम्हाला अडवून धरत नाही. घाटात गाडी सावकाश चालवा. आजोबा वाट बघत असतील.